मेथोट्रेक्सेट : आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळीचे परीक्षण

रुमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांधे सुजवणाऱ्या आजारात जगभरातील डॉक्टर बहुधा सर्वांत आधी ज्या औषधाकडे वळतात, ते मेथोट्रेक्सेट मी काही वर्षांपासून घेत आहे. ते गुणकारी आहे, स्वस्त आहे आणि माझ्या मते नीट देखरेख असेल तर पुरेसे सुरक्षितही आहे. मात्र घरातील इतर गोळ्यांप्रमाणेच ते हाताळले तर जिवावर बेतू शकते, कारण या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रक्तदाबाची, मधुमेहाची, थायरॉइडची गोळी रोज घेण्याची सवय झालेल्या घरात एवढी एक गोष्ट पाळणे वाटते तितके सोपे नाही. म्हणून या परीक्षणात औषधाच्या गुणांइतकेच ते रुग्णाच्या हाती कसे पडते याविषयीही लिहिले आहे. माझी स्वतःची मात्रा मी मुद्दाम सांगत नाही. ती माझे वजन, मूत्रपिंडांचे काम आणि रक्ताचे अहवाल पाहून ठरलेली आहे, आणि दुसऱ्या कोणी ती उचलून स्वतःला लावू नये.

आधी गुणाविषयी. हे वेदनाशामक नाही. पहिली गोळी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी दुखणे कमी होईल अशी अपेक्षा ठेवणारा रुग्ण निराश होतो, कारण परिणाम जाणवायला साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. या मधल्या काळात अनेक डॉक्टर कमी मात्रेत स्टेरॉइड देतात, त्याने चार-पाच दिवसांतच बोटे मोकळी होतात, आणि रुग्णाची समजूत अशी होते की खरे औषध तेच, ही आठवड्याची गोळी उगाच आहे. मग स्टेरॉइड जुन्या चिठ्ठीवर दुकानातून आणून महिनोन्महिने चालू राहते आणि मेथोट्रेक्सेट सुटते. ओळखीच्या रुग्णांमध्ये मी हे इतक्या वेळा पाहिले आहे की औषध सुरू करतानाच डॉक्टरांनी हा क्रम कागदावर लिहून द्यावा असे मला कळकळीने वाटते. माझ्या बाबतीत सकाळी तास-दीड तास टिकणारा बोटांचा आणि मनगटांचा ताठरपणा हळूहळू कमी होत गेला, सूज उतरली, कणीक मळणे आणि फळ्यावर लिहिणे पुन्हा जमू लागले. याहून महत्त्वाचा गुण डोळ्यांना दिसत नाही : आजार आटोक्यात आला की सांध्यांतील हाडे झिजण्याचा वेग मंदावतो. वेदनाशामक गोळ्या कितीही घेतल्या तरी ते काम करीत नाहीत.

या औषधाचा जन्म कर्करोगाच्या उपचारांत झाला, आणि त्या इतिहासाशी आपल्या देशाचा जवळचा संबंध आहे. आंध्रातील भीमवरम येथे जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत फॉलिक अॅसिडला विरोध करणारी रसायने तयार झाली. त्यांपैकी अमिनोप्टेरिन हे रसायन अमेरिकी डॉक्टर सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; मेथोट्रेक्सेट हे त्याचेच भावंड. त्याच्याही आधी, १९२८ पासूनच्या काही वर्षांत, ल्युसी विल्स या इंग्रज संशोधक मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत गिरणी कामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो असे त्यांना आढळले, आणि त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक अॅसिड म्हणून ओळखला गेला. नव्या पेशी घडवायला शरीराला जे जीवनसत्त्व लागते त्याचाच वापर मेथोट्रेक्सेट अडवते. कर्करोगात मोठ्या मात्रेत ते वेगाने वाढणाऱ्या पेशी मारते. संधिवातात मात्रा फारच कमी असते आणि तेथे ते मुख्यतः दाह शमवते. अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी त्याला १९८८ मध्ये मान्यता दिली. दुकानदाराने किंवा इंटरनेटने ‘हे कॅन्सरचे औषध आहे’ असे सांगितल्यामुळे घाबरून गोळी फेकून देणाऱ्यांनी मात्रेतील हा फरक लक्षात घ्यावा.

मेथोट्रेक्सेट फॉलिक अॅसिडचा वापर अडवते, म्हणूनच त्याच्याबरोबर फॉलिक अॅसिडची गोळीही लिहून दिली जाते. तिने मळमळ, तोंड येणे आणि रक्तातील यकृताच्या विकरांची (एन्झाइमांची) वाढ हे त्रास कमी होतात. बहुतेक डॉक्टर ती मेथोट्रेक्सेटच्या दिवशी न देता दुसऱ्या दिवशी किंवा इतर काही दिवशी देतात. कोणत्या दिवशी आणि किती, हे चिठ्ठीप्रमाणेच पाळावे. येथे एक खरी अडचण आहे. दोन्ही गोळ्या अनेकदा लहान आणि पिवळसर असतात, आणि बाजारातील काही नावेही ‘फोल’ किंवा ‘फोलि’ अशा सारख्याच अक्षरांनी सुरू होतात. फॉलिक अॅसिड आठवड्यातून अनेक दिवस घेतले तरी धोका नाही. त्याऐवजी मेथोट्रेक्सेट गेले तर मात्र फार मोठा धोका आहे. माझ्याकडे या दोन गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत, वेगवेगळ्या खोल्यांत असतात. इतका काटेकोरपणा अनावश्यक वाटेल, पण चष्मा न लावता रात्री गोळी काढणाऱ्या कोणत्याही वयस्कर माणसाच्या घरी मी हेच सुचवीन.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहावेसे वाटले ती. मेथोट्रेक्सेटमुळे झालेल्या मृत्यूंमागे ही साप्ताहिक गोळी चुकून रोज घेतली जाणे हे एक ठळक आणि पूर्णपणे टाळता येण्याजोगे कारण आहे. सलग काही दिवस घेतली तरी अस्थिमज्जेतील रक्तपेशींचे उत्पादन ढासळू शकते. युरोपीय औषध नियामकाने २०१९ मध्ये यासाठी खास उपाय सुचवले : आठवड्यातून एकदा घेण्याची ठळक सूचना वेष्टनावर असावी, बाटलीऐवजी गोळ्या स्ट्रिपमध्ये याव्यात, रुग्णाला कार्ड द्यावे. ब्रिटनच्या नियामकानेही २०२० मध्ये तोच धागा पुढे नेला. ब्रिटनमध्ये घोटाळा टाळण्यासाठी शक्यतो २.५ मिलिग्रॅमचीच गोळी देण्याचा सल्ला असतो. आपल्याकडे २.५, ५, ७.५, १०, १५ मिलिग्रॅम अशा अनेक ताकदीच्या गोळ्या दुकानात मिळतात. त्यामुळे गोळ्यांची संख्या तीच राहून मात्रा दुप्पट होण्याची शक्यता कायम असते. प्रत्येक वेळी स्ट्रिप घेताना मिलिग्रॅमचा आकडा जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहावा.

भारतीय दुकानातील दोन पद्धती या औषधाच्या बाबतीत मला घातक वाटतात. एक म्हणजे स्ट्रिप कापून सुटी देणे, ज्यात नाव, ताकद किंवा मुदत संपण्याची तारीख यांपैकी काहीतरी कापलेल्या अर्ध्या भागातच राहते. महिन्याला चार गोळ्या लागतात म्हणून दुकानदार चारच कापून देतो, आणि रुग्णालाही ते सोयीचे वाटते. दुसरी पद्धत म्हणजे कागदी पाकिटावर पेनाने एक-शून्य-शून्य असे लिहिणे. या खुणेत सकाळ, दुपार, रात्र एवढेच मावते, आठवडा मावत नाही. एकदा एका दुकानात माझ्या पाकिटावर सवयीने रोजचीच खूण झाली होती. मला औषध ठाऊक असल्यामुळे मी ते तेथेच दुरुस्त करून घेतले. नव्या रुग्णाने, किंवा आजोबांच्या गोळ्या आणायला पाठवलेल्या नातवाने ते कसे ओळखावे? एवढ्यासाठी चिठ्ठीवर वाराचे नाव पूर्ण अक्षरांत लिहिलेले असावे, उदाहरणार्थ ‘फक्त दर शनिवारी रात्री जेवणानंतर’, आणि तसे नसेल तर डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्यापूर्वीच लिहून मागावे. रुग्णालयात दाखल होण्याची वेळ आली तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते, कारण तेथे घरच्या औषधांची यादी नव्याने उतरवली जाते आणि त्या तक्त्यावर बहुतेक सर्व औषधे रोजचीच असतात.

वार निवडताना आपल्या आठवड्याची घडी पाहावी. उपवासाचा वार टाळावा, कारण पोटात काही नसताना मळमळ अधिक होते. मी शनिवारची रात्र निवडली, कारण दुसऱ्या दिवशी जाणवणारा थकवा सुटीच्या दिवशी पडतो. गोळी घेतली की दिनदर्शिकेवर त्या तारखेला लगेच खूण करते, आणि खूण दिसत असेल तर ‘घेतली की नाही’ या शंकेने दुसरी गोळी कधीच घ्यायची नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. ठरलेल्या दिवशी राहून गेली आणि एक-दोन दिवसांत लक्षात आले, तर साधारणपणे ती घेता येते व पुढची नेहमीच्याच वारी घ्यायची असते. त्याहून उशीर झाला तर ती सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन मात्रा एकत्र घेणे कोणत्याही परिस्थितीत चूक आहे. आणि चुकून रोज किंवा जास्त घेतली गेल्याचे कळले, तर माणूस ठणठणीत दिसत असला तरी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. यावर फॉलिनिक अॅसिड (नेहमीचे फॉलिक अॅसिड नव्हे) हा उतारा आहे, परंतु तो जितक्या लवकर मिळेल तितका उपयोगी पडतो.

दुष्परिणामांपैकी जे नेहमीचे आहेत ते मी अनुभवले आहेत. गोळीनंतरचा दिवस जड जातो, डोके बधिर वाटते, खाण्यावरची वासना जाते. पुढे पुढे तर गोळीचा पिवळा रंग पाहूनच मळमळू लागले. हा अनुभव पुष्कळ रुग्णांना येतो आणि त्यात मनाचा कमकुवतपणा काही नाही. केस थोडे विरळ झाले. एक-दोनदा तोंड आले. मात्रा थोडी बदलल्यावर आणि फॉलिक अॅसिडचे दिवस वाढवल्यावर यातले बरेचसे कमी झाले. म्हणून मळमळीसाठी औषध गुपचूप सोडण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट सांगणे हिताचे. गोळी सोसतच नसेल तर हेच औषध कातडीखाली घ्यायच्या इंजेक्शनाच्या रूपात मिळते. मोठ्या मात्रेत पोटातून गोळी पूर्ण शोषली जात नाही, तेव्हाही इंजेक्शन उपयोगी पडते.

गंभीर दुष्परिणाम क्वचित होतात, पण ते ओळखता आले पाहिजेत. तोंडात आणि ओठांवर एकाएकी बरेच फोड येणे, ताप, घसा दुखणे, हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर कारण नसताना निळे डाग उठणे, काळी शौच होणे, ही रक्तपेशी घटल्याची लक्षणे असू शकतात. डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे हे यकृताकडे बोट दाखवते. नव्याने सुरू झालेला कोरडा खोकला, धाप आणि ताप या तीन गोष्टी एकत्र आल्या तर तो फुप्फुसांचा दाह असू शकतो. आपल्याकडे खोकला हवा बदलल्याचा म्हणून महिनाभर अंगावर काढला जातो, तसे या औषधावर असताना करू नये. यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांना लगेच गाठावे.

रक्ततपासण्या हा या उपचाराचा ऐच्छिक भाग नव्हे. औषध सुरू करण्यापूर्वी रक्तपेशींची मोजणी, यकृताच्या व मूत्रपिंडांच्या चाचण्या, हिपॅटायटिस बी आणि सी, छातीचा एक्स-रे इतके तरी होते. सुरुवातीचे तीन महिने दर दोन ते चार आठवड्यांनी आणि पुढे सर्व स्थिर असेल तर दोन-तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठी) पाहिले जाते. गोळी बहुतेक घरांना परवडते. खरा खर्च या तपासण्यांचा आणि त्यासाठी बुडणाऱ्या रोजगाराचा असतो. लहान गावातल्या रुग्णाला स्वस्त औषध मिळते आणि देखरेख मात्र तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी राहते, ही या औषधाची मला सर्वांत बोचणारी बाजू आहे. सरकारी रुग्णालयात या चाचण्या होत असतील तर तेथे करून घ्याव्यात, पण ‘बरे वाटते आहे’ या कारणाने त्या टाळू नयेत. अहवाल बिघडल्याचे शरीराला बराच काळ कळत नाही.

मेथोट्रेक्सेट मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे वयस्कर माणसांत आणि मूत्रपिंडे कमकुवत असणाऱ्यांत ते शरीरात साचते. पावसाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या, किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात अंगातील पाणी कमी झाले, की तेच घडू शकते. अशा आठवड्यात गोळी घ्यावी की थांबवावी हे फोन करून विचारावे. जंतुसंसर्गासाठी प्रतिजैविक चालू असतानाही पुष्कळदा ती तेवढ्यापुरती थांबवली जाते.

दुसऱ्या औषधांशी होणाऱ्या संघर्षात सर्वांत भीतिदायक नाव को-ट्रायमोक्साझोलचे, म्हणजे सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोळीचे आहे. लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी ती आजही लिहून दिली जाते. तीही फॉलिक अॅसिडच्याच मार्गात आडवी येते, आणि दोन्ही एकत्र आल्यावर अस्थिमज्जा कोलमडून रुग्ण दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तिच्यातील ट्रायमेथोप्रिम हा घटक एकटा दिला तरी हेच लागू आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारखी वेदनाशामके संधिवाताचे डॉक्टर स्वतः सोबत देतात, तेव्हा ती मूत्रपिंडांचा अहवाल पाहून दिलेली असतात. दुकानातून स्वतःच्या मनाने आणलेल्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. दारू यकृतावरचा भार वाढवते, म्हणून ती टाळावी. मधुमेह, लठ्ठपणा आणि यकृतातील चरबी असणाऱ्यांनी यकृताच्या तपासण्यांबाबत अधिक दक्ष राहावे.

काढे आणि चूर्णे यांविषयी मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण आपल्या घरांत ती औषधांत मोजलीच जात नाहीत. करोनाकाळात गुळवेलीचे सेवन करणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला होता, आणि तो वाद येथे सोडवण्याचा माझा अधिकार नाही. परंतु ज्याच्या यकृतावर आधीच लक्ष ठेवावे लागते त्याने काय घेतो आहोत ते डॉक्टर आणि वैद्य या दोघांनाही सांगितले पाहिजे. घटक न लिहिलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांबाबत तर मी स्पष्टपणे सांगेन की मेथोट्रेक्सेटबरोबर त्या अजिबात घेऊ नयेत.

गरोदरपणात हे औषध पूर्णपणे वर्ज्य आहे. त्याने गर्भपात होऊ शकतो आणि गर्भात गंभीर व्यंगे निर्माण होऊ शकतात. स्तनपान करतानाही ते दिले जात नाही. हा आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, आणि तो पुष्कळदा मूल होण्याच्या वयातच सुरू होतो. तरीही लग्न ठरलेल्या मुलीला डॉक्टरांसमोर हा प्रश्न आई-वडिलांच्या उपस्थितीत विचारता येत नाही. म्हणून डॉक्टरांनी तिच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. गोळी चालू असेपर्यंत खात्रीचे गर्भनिरोधन आवश्यक आहे, आणि मूल हवे असेल तर औषध आधीपासून थांबवून पर्यायी औषध सुरू करावे लागते. किमान तीन महिने आधी, काही मार्गदर्शनांत सहा महिने आधी, असा तो काळ सांगितला जातो. पुरुष रुग्णांनीही मुलाचा विचार करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. गोळी फोडू किंवा कुटू नये, आणि घरातील गरोदर स्त्रीने तिचा चुरा हाताळू नये. फ्लू आणि न्यूमोनियाच्या नेहमीच्या लसी घेता येतात, किंबहुना घ्याव्यात. जिवंत विषाणूंपासून बनवलेल्या लसींबाबत मात्र आधी विचारणे आवश्यक आहे.

औषध म्हणून मी मेथोट्रेक्सेटची शिफारस करते, ती संधिवाततज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि तपासण्या नियमित होणार असतील तरच. वेष्टनाविषयी मी समाधानी नाही. माझ्या हातात आलेल्या स्ट्रिपांपैकी काहींवर आठवड्यातून एकदा घेण्याची सूचना ठळक होती, काहींवर ती बारीक इंग्रजी अक्षरांत होती, आणि मराठीत ती एकीवरही नव्हती. चार गोळ्यांची स्ट्रिप, प्रत्येक गोळीशेजारी तारीख लिहायला मोकळी जागा आणि स्थानिक भाषेत एक ठळक ओळ, एवढे उत्पादकांना सहज जमण्यासारखे आहे. तोपर्यंत माझ्या पर्समध्ये मी हाताने लिहिलेले कार्ड ठेवते : औषधाचे नाव, मिलिग्रॅम, वार, फॉलिक अॅसिडचे वार, ‘सेप्ट्रान देऊ नये’ ही सूचना आणि घरच्यांचा क्रमांक. एखाद्या औषधाचा गंभीर दुष्परिणाम झाला तर तो रुग्णाला स्वतःही कळवता येतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ हा आहे, आणि तो मी त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवला आहे.